ओळख वेगळी, ओळखपत्र वेगळं

...एकवीस! मला विचारलं, "एकवीस वर्षं पूर्ण झालीत का?" मला! अहो, एकाहत्तर पूर्ण होऊन बहात्तरावं लागलंय, एक गुडघा धातूचा आहे, डोक्यावर कापूस पिकलाय, दात मोजायला बसलात तर त्यातले माझे किती आणि डॉक्टरांचे किती हे मलाही सांगता यायचं नाही... आणि काउंटरपलीकडून विचारणारी कोण? विल्डा! विल्डा टीटर! शाळेत पहिल्या दिवसापासून माझ्या बाकावर बसलेली, माझ्या लग्नात करवली म्हणून मिरवलेली, आणि घटस्फोटाच्या दिवशी मला स्वतःच्या गाडीतून कोर्टात नेऊन, परत येताना अ‍ॅपल-पाय खायला घालणारी विल्डा! तिला माझी जन्मतारीख माहीत नाही? दरवर्षी त्या दिवशी केक तीच आणते हो! पण नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मी शिकागोच्या तुरुंगातून पळून आल्यासारखी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणते कशी, "पिस्तुलाची काडतुसं आहेत, आर्डिस. एकवीसच्या आत देत नाही आम्ही. ओळखपत्र?"

मी म्हटलं, "विल्डा, अगं, तू मला ओळखत नाहीस?"

तिनं मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या, प्लास्टिक चढवलेल्या एका कागदाकडे बोट दाखवलं. "ओळख वेगळी, ओळखपत्र वेगळं."

आता तुम्ही म्हणाल, बाई, या वयात तुम्हाला काडतुसं कशाला? विणकाम करा, चर्चमध्ये गाणी म्हणा. तर तुम्हाला सांगते, त्याला कारण आहे शेरीफ मर्ल हॅकबर्थ. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी लोक त्याला शेरीफच म्हणतात, आणि तोही म्हणू देतो. १९९४ साली मी आमच्या साप्ताहिकात छापलं, की शेरीफसाहेबांच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जी पांढरीशुभ्र खडी अंथरलीय, ती जिल्ह्याच्या कच्च्या रस्त्यांसाठी आलेली सरकारी खडी आहे. फोटोसकट छापलं. ट्रकच्या नंबरासकट छापलं! आणि हा माणूस तीस वर्षं गावभर सांगत फिरतोय की बाईनं खोटं लिहिलं. नाकारायचं तर लेखी नाकार ना! नाही. तोंडीच.

तर सप्टेंबरात माजी सैनिकांच्या, लीजनच्या हॉलमध्ये दरवर्षीचं तळलेल्या माशांचं जेवण. सगळं गाव जमलेलं. मर्ल काट्याला मासा टोचून उभा राहिला आणि ओरडला, "आमच्या बातमीदारीणबाईंचा नेम फक्त कागदावर लागतो! तोही चुकीच्या माणसावर!"

सगळे हसले. मीही हसले असते हो... पण नाही हसले. उठले. म्हटलं, "शेरीफ, ऑक्टोबरात नेमबाजांच्या क्लबात बाटल्या पाडायची स्पर्धा आहे. या समोरासमोर. मी हरले, तर याच हॉलमध्ये उभी राहून त्या बातमीबद्दल तुमची माफी वाचून दाखवीन. तुम्ही हरलात, तर ती बातमी तुम्ही वाचायची. पहिल्या शब्दापासून ट्रकच्या नंबरापर्यंत!" आणि मर्ल म्हणाला, "मंजूर! आणि त्या दिवशी जो दुपारी बाराच्या आत नाव नोंदवायला येणार नाही, तो हरला." मीही म्हटलं, "मंजूर!"

कळतंय ना तुम्हाला? माफी! खऱ्या बातमीची! चाळीस वर्षांत मी तेरा दुरुस्त्या छापल्या, तेराही पहिल्या पानावर, कारण त्या तेरा वेळा माझं चुकलं होतं. पण जे खरं ते खरं. त्याची माफी मागायची म्हणजे मग मी आयुष्यभर केलं काय?

आणि स्पर्धेच्या शनिवारी सकाळी तळघरात गेले, तर पाणी बाहेर फेकणारा पंप गुरुवारच्या पावसात बंद पडलेला, आणि माझा काडतुसांचा डबा पाण्यात डुंबतोय! वडिलांचं पॉइंट बावीसचं पिस्तूल वर कपाटात कोरडं ठणठणीत, आणि त्यात घालायला एक काडतूस नाही. साडेनऊ वाजलेले. आमच्या भागात काडतुसांचं दुकान एकच, जिथे कोंबड्यांचं खाद्य, गमबूट आणि काडतुसं एका छपराखाली मिळतात. आणि तिथे ही.

मी गाडीचं लायसन्स काढलं. विल्डानं दिव्याकडे धरून बघितलं. त्या भोकातून ती मला दिसली, मी तिला दिसले.

भोक कसलं? अहो, मी मंगळवारीच लायसन्सचं नूतनीकरण करून आले होते! तिथे काय करतात, तुमच्या जुन्या लायसन्सला भोक पाडून परत देतात, हातात एक तात्पुरता कागद ठेवतात, आणि नवीन टपालानं येईल म्हणतात. कागदावर सगळं आहे, नाव, पत्ता, शिक्का, पण फोटो नाही. फोटो कुठे आहे? भोकवाल्यावर.

"हे रद्द झालंय," विल्डा म्हणाली. "आणि या कागदावर चेहरा नाही."

"दोन्ही एकत्र धर ना!"

"एकत्र धरून काय होतंय? एकाला तोंड आहे पण जीव नाही, दुसऱ्याला जीव आहे पण तोंड नाही."

मागे रांग लागली. कुत्र्याच्या खाण्याचं पोतं खांद्यावर घेतलेला एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाला, "आर्डिस, रायफलसाठी पाहिजेत म्हण! तीच काडतुसं, पण रायफलला अठरा चालतात!"

मी म्हटलं, "अठरा झाल्याचा तरी माझ्याकडे पुरावा कुठे आहे?" आणि शिवाय, खोटं बोलू? माफीपासून वाचायला खोटं बोलू? मग मर्लचंच खरं झालं की!

मग मी हुकमाचं पान टाकलं. इलिनॉय राज्याचं बंदूक-परवाना कार्ड! राज्याच्या पोलिसांनी दिलेलं, चालू, बिनभोकाचं. "बघ विल्डा! यावर फोटो आहे. यावर जन्मतारीख आहे. याच्यावरच दे."

विल्डा हलली नाही. "कागद वाच, आर्डिस. मोठ्यानं वाच."

वाचला. "काडतुसं विकताना राज्याचं परवाना कार्ड बघावं, आणि त्याशिवाय वेगळं, सरकारी सहीचं, फोटो व जन्मतारीख असलेलं, चालू ओळखपत्र बघावं. गिऱ्हाईक कितीही परिचयाचं असो. ओळख वेगळी, ओळखपत्र वेगळं."

मी म्हटलं, "त्याशिवाय वेगळं? एका कार्डावर सगळं असताना दुसरं कशाला? कुठल्या मूर्खानं लिहिलंय हे?"

विल्डानं बोट जरा खाली सरकवलं. कागदाच्या तळाला, बारीक अक्षरात, माझं नाव.

...आता हसताय. हसा. सोळा वर्षांपूर्वी मी आमच्या भागातली पाच दुकानं फिरले होते, परवाना कार्ड पर्समध्ये लपवून, काडतुसं मागत. बघायचं होतं की विचारतंय का कोणी. पाचातल्या चौघांनी न विचारता दिली. बातमी केली, गाजली, बक्षीस मिळालं, आणि बातमीखाली एक चौकट टाकली, नियम कसा हवा त्याची. ती चौकट दुकानाच्या मालकानं कापून, प्लास्टिक चढवून भिंतीला लावली. त्याच्या वकिलानंही एवढं कडक लिहिलं नसतं. आणि त्या चौघांतली एक...

"त्या दिवशीही तू इथेच उभी होतीस," विल्डा हळूच म्हणाली. "म्हणालीस, 'विल्डा, कार्ड घरी राहिलं, पण तू मला ओळखतेस ना?' आणि मी ओळखत होते, आर्डिस. म्हणून दिली. मालकानं मला तीन आठवडे घरी बसवलं."

पोतंवाल्यानं पोतं खाली ठेवलं. बातमी खरी होती. पण विल्डानं दिली ती मी होते म्हणून दिली, एवढं एक वाक्य त्यात राहून गेलं होतं. चौदावी दुरुस्ती, तुम्हाला सांगते, ती मी तिथे उभ्या उभ्या तोंडी केली. रांगेसमोर. विल्डानं मान डोलावली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ओळखपत्र?"

घरी पळाले. पळाले म्हणजे गुडघा पळू देतो तेवढं. पासपोर्ट? मुदत संपून नऊ वर्षं झालेली. ग्रंथालयाचं कार्ड? फोटो नाही. मेडिकेअरचं, म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं? त्यावरही नाही. सगळे खण उपडे केले, तिकडे घड्याळ पळतंय, दहा पन्नास, अकरा, अकरा दहा... आणि कात्रणांच्या फायलीतून ते टपकन मांडीवर पडलं. पत्रकाराचं ओळखपत्र! १९८८ चं! अपघाताच्या जागी पोलिसांच्या दोरीपलीकडे जाता यावं म्हणून शेरीफच्या कचेरीनं दिलेलं. जिल्ह्याचा शिक्का, फोटो, जन्मतारीख. आणि खाली ही एवढी वळणदार, कोंबड्याच्या शेपटीसारखी सही... मर्ल हॅकबर्थ!

दुकानात येऊन काउंटरवर आपटलं. विल्डानं एकेक करून तपासलं. सरकारी सही? आहे. फोटो? आहे, केस काळे आहेत पण नाक तेच. जन्मतारीख? आहे. "चालू आहे का?"

"वाच ना! मुदत, 'रद्द करेपर्यंत.'"

"खडीच्या बातमीनंतर त्यानं ते रद्द केलं नाही कशावरून?"

"अगं, करतो म्हणून चारचौघांत ओरडला होता! पण रद्द करायचं तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि कारण काय लिहिणार? खडी?"

विल्डानं क्षणभर विचार केला, आणि फोन उचलला. क्लबात लावला. स्पीकर सुरू करून काउंटरवर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. "शेरीफ, विल्डा बोलतेय, दुकानातून. तुमच्या सहीचं एक जुनं ओळखपत्र आलंय. रद्द करेपर्यंत, असं लिहिलंय त्यावर. चालू धरायचं का?"

कुणाचं, हे तिनं सांगितलं नाही. आणि कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही! तोच तर मर्ल. पलीकडून छाती फुगल्याचा आवाज आला हो, खरंच आला. "माझी सही? अगं विल्डा, या जिल्ह्यात माझी सही मी मेल्यावरसुद्धा दहा वर्षं चालेल! दे त्याला काय पाहिजे ते!"

"आभारी आहे, शेरीफ," म्हणाली, फोन ठेवला, वहीत नोंद केली, पन्नास काडतुसांची पेटी माझ्यापुढे सरकवली, आणि ती सोडायच्या आधी माझा हात धरला. "आर्डिस, त्या वर्षी खडी आमच्या रस्त्यावर पडायची होती. मी वसंतापर्यंत चिखलातून कामाला यायचे. जिंक."

अकरा त्रेपन्नला मी क्लबात नाव नोंदवलं. मर्लचा चेहरा! त्यानं तोवर हॉलसाठी माझी माफी स्वतःच टाइप करून आणली होती, दोन प्रती!

लांब टेबलावर बोलिंगच्या खेळातल्या पाच जुन्या लाकडी बाटल्या. पाचही टेबलावरून खाली पाडायच्या, ज्याच्या आधी पडतील तो जिंकला. शिट्टी झाली. मर्ल वेगात होता, ते मी नाकारत नाही, खोटं लिहिणार नाही मी. एक, दोन, तीन, चार, धडाधड. पाचवीला गोळी लागली, ती गिरकी घेत राहिली... घेत राहिली... आणि टेबलाच्या काठावर उभी राहिली! ती पडायची वाट बघत हा तिच्याकडे बघत बसला, आयुष्यभर ह्याच्या नुसत्या शब्दावर समोरचा आडवा व्हायची सवय ना! आणि तेवढ्यात माझी पाचवी खाली. सहा गोळ्या, पाच बाटल्या!

त्या संध्याकाळी लीजनच्या हॉलमध्ये मर्लनं बातमी वाचली. उभं राहून. ट्रकचा नंबर पुटपुटला, तर मागून विल्डा ओरडली, "ऐकू आलं नाही, शेरीफ! पुन्हा!" त्यानं पुन्हा वाचला. तीस वर्षांनी माझी बातमी त्याच्या तोंडून बाहेर पडली, आणि शेवटी कागद घडी करताना म्हणाला, "बाई, लिहिलंय बाकी चांगलं." तुम्हाला सांगते, ते जुनं बक्षीस भिंतीवरून काढून तिथे मी ते वाक्य टांगणार आहे.

आणि स्पर्धेचं बक्षीस? चिठ्ठी! हजार काडतुसांची! सोमवारी ऐटीत दुकानात गेले, चिठ्ठी काउंटरवर ठेवली. विल्डानं मला मिठी मारली, अभिनंदन केलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि म्हणाली, "एकवीस पूर्ण झालीत का?"

मी ऐटीत पत्रकाराचं ओळखपत्र काढलं. तिनं खणातून एक पत्र काढलं. सकाळीच आलेलं. फोनवरचं ओळखपत्र कुणाचं ते कळताच मर्लनं हालचाल केली होती, आत्ताच्या शेरीफकडून ते रद्द करून घेतलं होतं. लेखी. कारणासकट. "धारक निवृत्त." तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं कारण लेखी दिलं, आणि दुरुस्ती मागायला जागा नाही, कारण ते खरं आहे!

तेव्हापासून रोज टपालपेटी बघते. नवीन लायसन्स काही आलेलं नाही. हजार काडतुसं विल्डाच्या कपाटात, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. पुढच्या आठवड्यात मला बहात्तर होतील. विल्डा केक घेऊन येणार आहे. म्हटलं, आता बघ, दार उघडायच्या आधी मी हिलाच ओळखपत्र विचारते... पण जाऊ दे. तिच्याकडे असेल.