बाई बोलतील तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, वाचा-उपचार केंद्रातील सर्व मंडळी, माझ्यासारखे पालक आणि पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेल्या मुलांनो, नमस्कार.

मी शिवणकाम करते. माइकपेक्षा मशीन बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बाईंच्या निरोपाला पालकांपैकी कुणीतरी बोलायला हवं असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

माझी मुलगी बोलताना अडखळते. घरात तिच्यावर सगळ्यांचा भारी जीव, म्हणून तिचं वाक्य पुरं करायला जो तो धावायचा. सासूबाई तर 'प' ऐकला की पाणी घेऊन हजर! पोरीला हवी असायची पेन्सिल. ती निमूट पाणी प्यायची. आम्ही हसायचो. हळूहळू तिनं काही मागणंच सोडलं.

बाईंकडे नेलं, तेव्हा तिच्या वडिलांनी पहिलाच प्रश्न केला, "बरी कधी होईल?" बाई म्हणाल्या, "आजारी कुठे आहे ती? अडखळू दे की. आपलं कुणीतरी ऐकून घेतंय, एवढं तिला कळू दे." मग तिच्यासमोर बसल्या आणि थांबल्या. शब्द सुचवला नाही, 'सावकाश बोल' म्हटलं नाही. सांगा बरं, इतकं साधं थांबणं आपल्याला का जमू नये? आज ती वर्गात हात वर करते. अडखळते आणि बोलते.

आणि गेल्या हिवाळ्यात बाईंनाच पक्षाघात झाला. हा विषय काढायचा नाही असं ठरवून आले होते, पण ते टाळून बोलू तरी काय? हात हळूहळू सावरला, शब्द मात्र गेले. आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा बाई काहीतरी सांगू पाहत होत्या आणि आम्ही मोठी माणसं खाटेभोवती गलका करत होतो. "उशी हवी? खिडकी लावू? डॉक्टरांना बोलावू?" बाईंनी डोळे मिटून घेतले. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "थ-थ-थांबा ना! त्या बोलतायत."

आम्ही खाटेपासून मागे सरलो. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "माझी मुलं... कोण... बघणार?"

बाई, तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. उद्यापासून तुमची खोली बंद राहणार, याचं आम्हाला फार फार वाईट वाटतंय.

आता बाई बोलणार आहेत. त्यांच्या यजमानांनी भाषण लिहून आणलं होतं, वाचून दाखवतो म्हणाले. बाईंनी मानेनंच नाही म्हटलं. त्यांना स्वतः बोलायचंय. वेळ लागेल. कदाचित एकच शब्द येईल, कदाचित तोही येणार नाही.

मला इथं उभं केलंत, त्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. माझं काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या. आणि मुलांनो, कुणी मोठं माणूस मध्येच बोललं तर त्याला खुशाल गप्प करा.

बाई, बोला.