शांताले पहिले काय शिकवावं?

आजही आठवलं की अंगावर काटा येते, पाहा. भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता. साइटवर कामाले जाणाऱ्या बायांची सात लेकरं मी माझ्या क्वार्टरमध्ये सांभाळत होती. एका दुपारी ती झोपली, अन् मी वही घेऊन बसली. पहिले बाराखडी शिकवावी का गाणी, हेच ठरत नव्हतं. मान वर केली, तर तीन वर्षांची शांता जागेवर नाही!

बाहेर सगळीकडे पायव्याचे खोल गड्डे. एकेका गड्ड्यात वाकून पाहू लागली. तिच्या नावानं हाका मारत सुटली.

शेवटी ती दूर चौकीदाराजवळ सापडली. तो म्हणे, "नाव विचारलं, बापाचं विचारलं, पोरगी नुसती रडते."

संध्याकाळी तिची माय आली. मी सगळं सांगितलं. तिनं शांताले उचलून कडेवर घेतलं. वाटलं, आता लेकरू पाठवत नाही.

मग म्हणे, "तिले पहिले नाव शिकवा."

"शिकवते ना. तिचं, बापाचं, तुमचं."

"अन् तुमचंही शिकवा, बाई. दिवसा हरवली, तर तुमच्याचकडे आणून देतील ना."