शिवनाथची कालवं

कालवं म्हटलं का अजूनही माझं डोस्कं सरकते. स्टील प्लांटचं बांधकाम चालू होतं तवा कॉलनीच्या सेक्टर दोनमंदी आमच्या शेजारी रत्नागिरीचे सावंत राहात होते. उठता बसता कालवं! पहिले मले वाटलं, कालव्याचं म्हणजे नहराचं बोलून राहिले. मंग समजलं, समुद्रातले शिंपले. जयगडची गोड, मालवणची खारट, अन् वरून आमालेच, "तुम्हा नागपूरकडच्यांना काय कळणार!"

एका रविवारी त्यायले जेवाले बोलावलं. बायकोनं झणझणीत रस्सा केला होता. सावंतांनी दोनदा मागून घेतला अन् डोळे मिटून म्हणाले, "वहिनी, थेट जयगडची कालवं! कुठून मागवलीत?"

"शिवनाथ नदीतून," बायको म्हणाली. "शिंपल्या हायेत."

सावंतांनी ताट सरकवलं. "नदीतल्या? ह्या तर तुमच्यातले लोक खातात!"

तुमच्यातले! अरे, बोटं चाटून झाल्यावर जात आठवली तुले? मी उठलोच होतो. बायकोनं मले हातानं बसवलं, अन् पळीभर रस्सा त्यायच्या ताटात वाढला.

"खा भाऊजी, लाजू नका. आता तुमी बी आमच्यातलेच."