आधी पाणी तापव

आमचं गाव वैजापूरच्या पलीकडं, कोरडं, दगडाधोंड्याचं, आणि आमचं घर त्या गावाच्या कडेला, जिथं गाव संपतं अन् ओढा लागतो तिथं. मातीच्या भिंती, वर पत्रा, पत्र्यावर दगड ठेवलेले, वारं सुटलं की माझी माय त्या दगडांकडंच बघत बसायची. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा केकताडाच्या वाखाचे दोर वळायचे, केरसुण्या बांधायचे, माय लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची, अन् तरी संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न रोजचा. आम्ही मूळचे मांग. विहीर आमची नव्हती. माय घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणाला दया आली तर ती बाई वरून आमच्या घागरीत पाणी ओतायची. मला तहान लागली तर मी ओंजळ धरायचे अन् ती वरून धार सोडायची, लई उंचावरून, शिवाशिव नको म्हणून. निम्मं पाणी कोपरावरून खाली जायचं. ते ओलं कोपर मला अजून आठवतं, काय सांगू तुम्हाला.

प्रभू आमच्या घरात आजोबाच्या टायमाला आला. आजोबाचा पाय सडला होता, किडे पडले होते, घरचेसुद्धा नाक धरून भाकरी सरकवायचे. तर मिशनची एक बाई आली, खाली बसली, अन् तिनं तो पाय आपल्या हातानं धुतला. रोज यायची, धुवायची, जायची. आजोबा म्हणायचे, शास्त्र मला मागून कळलं, आधी पाय कळला. तेवढ्यावर आमचं घर ख्रिस्ती झालं. गाव म्हणालं, मांग होते ते ख्रिश्चन झाले, पाणी तर वरूनच प्यायचंय ना. खरं होतं. पाणी वरूनच राहिलं.

पण मायनं ती पाय धुवायची गोष्ट धरून ठेवली. वस्तीत कुणी म्हातारं अंथरुणाला खिळलं, की माय आपला कामाचा दिवस उरकून तिकडं जायची, पाणी तापवायची, अंग पुसायची, केस विंचरायची, लुगडं बदलायची. घरात आम्हाला साबण नसायचा, तर शिकेकाई कुटून न्यायची. मी म्हणायचे, माय, तू तिथं प्रार्थना नाय करत का, चर्चचे पाळकसाहेब तर मोठ्यानं करतात. माय म्हणायची, पोरी, घाणीत पडलेल्या मानसाला आमेन ऐकू येत नाय, आधी पानी तापव.

मी बी.ए. आहे. हे मी मुद्दाम सांगते, अन् तुम्हीही मुद्दाम लिहा. आमच्या सगळ्या गोतात बी.ए. झालेली पहिली मी. चौथीनंतर मला इथं शहरात मिशनच्या वसतिगृहात ठेवलं, तेव्हा ह्याला औरंगाबाद म्हणायचे, एस.टी.तून उतरले तर दादांच्या एका हातात माझी पेटी अन् दुसऱ्या हातात वसतिगृहाला द्यायला केरसुण्यांची जुडी. वसतिगृहाच्या बाईंनी जुडी घेतली अन् म्हणाल्या, बसा, पाणी प्या, अन् पेला दिला. स्टीलचा पेला, हातात. दादांनी तो पेला इतका वेळ धरून ठेवला की बाईंना वाटलं पाण्यात काही पडलं. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा दादा गावात कुणाला पेढे देऊ शकले नाहीत, कोण घेणार आमच्या हातचं, तर ते नुसतेच गल्लीगल्लीतून फिरले, डोक्याला धुतलेला फेटा बांधून. कुणी विचारलं, कुठं चाललास रं, तर म्हणायचे, कुठं नाय, पोरगी बी.ए. झाली.

मग त्याच वसतिगृहात मी रेक्टर लागले, लग्न झालं, माझे मालक रिक्षा चालवतात, शांत माणूस, भाड्यावरून कधी भांडण नाय. आम्ही हर्सूलला घर बांधलं, तलावाच्या अलीकडं, अन् दादा गेल्यावर माय आमच्याकडं राहायला आली.

आता गयाकाकूंचं सांगते, कारण तुम्ही त्यासाठीच आलात.

गयाकाकू आमच्या शेजारच्या घरात. कन्नडकडच्या, चांगल्या बागायती घरातल्या, नाकात मोठी नथ घातलेला फोटो भिंतीवर. लेकानं इथं घर घेतलं, अन् मग त्याची बदली पुण्याला झाली. तो न्यायला तयार होता, पण काकू म्हणाल्या, मी इथंच बरी, माझी तुळस इथं आहे. दारात सिमेंटचं तुळशीवृंदावन. काकू माझ्याशी बोलायच्या, पण फाटकातून. नाताळात आम्ही करंज्या, शंकरपाळे करून गल्लीत ताटं पाठवतो, तर काकू ताट घ्यायच्या, गोड बोलायच्या, अन् पुढं ते ताट कुठं जायचं ते गल्लीतल्या गायीला विचारा. मला राग नव्हता. सवय होती.

एक दिवस काकू न्हाणीत घसरल्या अन् खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण उठणं काही झालं नाय. लेकानं बाई लावली, ती टिकली नाय, दुसरी लावली, ती दुपारची निघून जायची. लेक सुट्टी मिळाली की यायचा, रडायचा, जायचा. गल्लीतून जाताना खिडकीतून वास यायला लागला. समजलं ना तुम्हाला कसला वास. माझ्या मनात एकच आलं, ही बाई अशी जाऊ नये.

अन् आम्ही काय केलं ऐका. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बायकांची सभा असते, मी तिथं विषय काढला, अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आपण सगळ्या जाऊ, भेट देऊ, गीतं म्हणू, म्हातारीला बरं वाटेल. आम्ही आजाऱ्याकडं असंच जातो, आमची रीत आहे. तर रविवारच्या भक्तीनंतर आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून, ढोलकी, टाळ, गीतांची पुस्तकं घेऊन काकूंच्या दारात. दार उघडंच होतं. ढोलकीवर थाप पडली अन् आतून काकूंचा आवाज आला, अगं बया बया, भजनं कशाला आनली, मी मेली नाय अजून!

आता तुम्ही हसताय, पण विचार करा, त्यांच्याकडं पांढऱ्या साड्यांतल्या बायका अन् टाळ-ढोलकी घरात कधी येते? काकूंना वाटलं, आपण गेलो अन् आपल्यालाच कळलं नाय. नंतर कळलं की ह्या मंडळीच्या बायका आहेत, तर आणखी घाबरल्या. ओरडल्या, बाटवाया आल्या गं, धावा! शेजारीपाजारी जमा झाले. अध्यक्षीणबाईंची ढोलकी काखेत तशीच. संध्याकाळी लेकाचा पुण्याहून फोन आला, मावशी, तुमच्याबद्दल माझं मत चांगलं आहे, पण आईला त्रास देऊ नका. कामाच्या बाईला सांगितलं गेलं, फाटकाला आतून कडी लावत जा.

मी घरी येऊन मायला सांगितलं. माय तोवर लई म्हातारी झाली होती, दात एक नाय, पण हसली ती पोट धरून. मग म्हणाली, इतक्या जनी गेल्या व्हत्या ना? मी म्हणाले, व्हय. मंग बादली कुनी नेली व्हती? कुणीच नाय. माय म्हणाली, बी.ए. पोरी, तोंडं नेली सगळी, हात एकीचे बी नेले नायत.

दुसऱ्या दिवशी कामाची बाई जायच्या वेळेला मी फाटकाशी उभी राहिले. एकटी. हातात गरम पाण्याची बादली, खांद्यावर जुनं धुतलेलं लुगडं, ते फाडून पुसायला बरं पडतं. ती बाई मला बघून म्हणाली, जा ताई आत, माझ्यानं व्हत नाय, पण मी तुम्हाला आत सोडलं असं सांगू नका. मी आत गेले. काकू भिंतीकडं तोंड करून. म्हणाल्या, कोन हे? मी म्हणाले, शेजारची सलोमी. म्हणाल्या, ढोलकी आनली का? नाय, बादली आणली. मग विचारलं, तू आधीची कोन गं? म्हणजे जात. मी सांगून टाकलं, मांग. लपवायचं कशाला, मी लपवत नाय. काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं आता जा म्हणणार. पण पाठीला चिघळलं होतं त्यांच्या, आग होत असणार, माणूस किती वेळ भिंतीकडं बघणार? म्हणाल्या, तुझ्या देवाचं नाव घ्यायचं नाय माझ्या घरात. मी म्हणाले, नाय घेणार. शपथ? आमच्यात शपथ घेत नायत काकू, पण नाय म्हणजे नाय.

मग मी त्यांना कुशीवर वळवलं. ते कसं होतं ते मी सांगत नाय, त्यांची अब्रू आहे. पुसलं, धुतलं, पाठीला मलम लावलं, अन् मग डोकं पलंगाच्या कडेला घेऊन खाली घमेलं ठेवलं अन् तांब्यानं केसांवर पाणी सोडलं. वरून. हळूहळू. पाणी माझ्या हातावरून कोपराकडं आलं अन् कोपर ओलं झालं. मी क्षणभर थांबले. काकू म्हणाल्या, का थांबली गं, बरं वाटतंय की.

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले, वसतिगृहातून आले की आधी काकू मग घर. काकूंची जीभ मात्र काही अंथरुणाला खिळली नव्हती. म्हणायच्या, सालू, त्यांना सलोमी म्हणता यायचं नाय, सालू, एवढी बी.ए. झालीस अन् वेनी वाकडीच घालतीस. मी म्हणायचे, वेणीचा पेपर नव्हता आम्हाला. मग हसायच्या. जाताना तुळशीला पाणी घालायला सांगायच्या, मीच घालायचे. एके दिवशी म्हणाल्या, तुमच्या घरी चहा कसा करत्यात? मी म्हणाले, साखर जास्त, आलं ठेचून. म्हणाल्या, आन मंग कपभर, बघू. मी आणला. प्यायल्या. म्हणाल्या, साखर लईच हाय. बास, तेवढंच. पण घरी येऊन मी मायला सांगितलं तर मायनं तो रिकामा कप माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, तुझा दादा पायजे व्हता आज.

आमच्या सभेत बोलणी झालीच. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, एवढे महिने जातेस, बायबलातलं एक वचन तरी सांगितलंस का? मी म्हणाले, शब्द दिलाय. म्हणाल्या, मग ही कसली सेवा, हे तर मोलकरणीचं काम. माझ्या तोंडावर आलं होतं लई काही. पण मी एवढंच म्हणाले, बाई, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा कमरेला रुमाल बांधला होता ना, तो कुणाचा वेश होता? खरं सांगते, मीही घरी जाऊन विचार केला. रोज करायचे. बरोबर करतेय का मी?

त्याचा निवाडा काकूंच्या शेवटच्या दिवशी झाला. दुपार होती. काकूंचा श्वास बदलला, मला मायबरोबर राहून ओळखता येतं. लेकाला फोन केला, तो निघाला, पण पुणं काय हर्सूलच्या वेशीवर आहे? काकूंनी डोळे उघडले, दाराकडं बघितलं, म्हणाल्या, आला का? येतोय. मग ओठ हलले, तुळस.

मी समजले. त्यांच्यात जाताना मुखात तुळशीचं पान अन् पाणी घालतात, अन् ते लेकानं घालायचं. लेक रस्त्यावर. गल्लीतली माणसं कामावर. घरात मी, ख्रिस्ती, मांगाची. पाळकसाहेब काय म्हणतील, काकूंचे नातेवाईक काय म्हणतील, दोन्हीकडून माझी खैर नाय. मी बाहेर गेले. वृंदावनाशी उभी राहिले. माझंच पाणी पिऊन वाढलेली तुळस ती. अन् मला मायचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, ती काही शास्त्र सांगत नव्हती, नुसतं, पानी दे गं तिला.

मी पान खुडलं. धुतलं. चमच्यात पाणी घेतलं. काकू, मी देऊ का, मांगाच्या हातचं आहे. काकू म्हणाल्या, आन इकडं, चहा पिलाय तुझा. मी पान जिभेवर ठेवलं, पाणी सोडलं. काकूंनी विठ्ठलाचं नाव घेतलं, अर्धं. मला म्हणाल्या, तू बी म्हण. मी म्हणाले, काकू, तुमचं तुम्ही म्हणा, मी हात धरते. त्यांनी मान हलवली. मी माझ्या प्रभूला मनातल्या मनात म्हणाले, हिला सांभाळ. शब्द मोडला नाय मी. अंग स्वच्छ होतं, वेणी वाकडी होती, अन् हात माझ्या हातात होता, तशा गेल्या.

लेक पोहोचला, कन्नडचे पाहुणे आले. कुजबुज झाली, पाणी कुणी घातलं? मी सांगितलं, मी. एक म्हातारे उठून बाहेर गेले. लेक माझ्या पाया पडायला लागला, मी पडू दिलं नाय. मग शेवटची आंघोळ घालायची वेळ आली, घरातल्या बायका पुढं झाल्या, तर काकूंची सून मला म्हणाली, मावशी, तुम्ही या, त्यांची पाठ तुम्हालाच माहिती. तेव्हा मी रडले. तोवर नव्हते रडले.

पाळकसाहेबांना मीच जाऊन सगळं सांगितलं, पान, पाणी, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, सलोमीबाई, आमची आई गावी पडून आहे, तिला कसं पुसायचं ते मला दाखवाल का? दाखवलं. अध्यक्षीणबाई पण आता येतात, ढोलकी घरी ठेवून.

माय गेल्या वर्षी गेली, माझ्याच हातून न्हाऊन. काकूंचं घर विकलं, जाताना लेकानं तुळस माझ्या दारात आणून ठेवली. मी तिची पूजा करत नाय, पाणी घालते. कुणी विचारलं तर सांगते, शेजारणीची आहे.

देव तुमचंही भलं करो, एवढं ऐकून घेतलंत. माझं म्हणाल तर, मी बी.ए. झाले, अन् आमच्या हर्सूलच्या ह्या गल्लीत, ख्रिस्ती असो, मराठा असो, बौद्ध असो, मुसलमान असो, आता कुणीही म्हातारं माणूस घाणीत पडून राहत नाय. कुणी ना कुणी बादली घेऊन जातं.