कुंड्यांचं पाणी

(हडपसर. सोसायटीचा सर्वांत वरचा मजला, जानेवारीतली सकाळ. अम्मींच्या पलंगावर बादली ठेवली आहे.)

मंदाकिनी : ग्रुपवर काय लिहिलंत, एजाजभाई? ‘सेक्रेटरीबाईंच्या कुंड्यांचं पाणी आमच्या अम्मीच्या उशीवर.’ अख्ख्या सोसायटीनं वाचलं.

एजाज : मग खोटं आहे? उशी पिळून बघा.

मंदाकिनी : त्यापेक्षा गच्चीवर जाऊन कुंड्या पिळा. मी मुलीकडे नाशिकला होते. माझी तुळससुद्धा वाळली.

एजाज : मग पाणी काय आकाशातून पडतं?

मंदाकिनी : जानेवारीत? तेही नेमकं तुमच्याच गादीवर?

हुस्नबानू : एजाज, बाईंना बसा तरी म्हण.

एजाज : अम्मी, तू बोलू नकोस, खोकला येईल. बाई, डॉक्टर म्हणाले ही खोली सोडा. रविवारी माझी बहीण खुशनुमा येतेय, अम्मीला मांजरी गावात आपल्या घरी न्यायला.

हुस्नबानू : मी नाही जाणार. लेकीच्या घरी मी पाहुणी. इथं भाजीवालीसुद्धा मला नावानं हाक मारते.

मंदाकिनी : हे स्लॅबखाली लावलेलं थर्माकोलचं छत उघडा.

एजाज : का म्हणून? माझ्या हातानं बसवलंय, एकेक शीट कापून. मे महिन्यात स्लॅबचा तवा व्हायचा. अम्मी ओली ओढणी अंगावर घेऊन झोपायची.

मंदाकिनी : उघडा म्हणते ना. वरून गळत असेल, तर कुंड्या मी फेकते आणि ग्रुपवर माफी मागते. आणखी काय करू?

एजाज : सरका मग. डोळ्यांत जाईल... हं, निघाला तुकडा.

मंदाकिनी : अहो, हा वास कसला! केवढं काळं झालंय!

एजाज : बुरशी... पण स्लॅबला भेग नाही कुठं.

मंदाकिनी : भेग नाही आणि थेंब मात्र लटकलेत. भाताच्या झाकणाला असतात तसे.

एजाज : झाकणाला... अम्मी, तू वाफ कधी घेतेस?

हुस्नबानू : पहाटे. दार-खिडकी लावून. तुझी झोपमोड नको म्हणून. खोकला वाढला, तशी जास्त घ्यायला लागले.

एजाज : या अल्ला. तीच वाफ फटीतून वर जाते. थंडीत स्लॅब गार पडतो, तिथं तिचं पाणी होतं. वाफेनं बुरशी, बुरशीनं खोकला, खोकल्याला पुन्हा वाफ. थर्माकोलच्या दुकानदारानं बजावलं होतं मला!

मंदाकिनी : बजावलं होतं? मग लावलंत कशाला?

एजाज : तुमच्यामुळं! तो म्हणाला, शीट गच्चीवर टाका, वरून कोबा आणि पांढरी फरशी. ऊनही अडेल आणि स्लॅब खोलीइतकाच उबदार राहील, पाणी धरणार नाही. खालून लावलीत तर एक फट ठेवू नका. मी गच्चीसाठीच परवानगी मागायला आलो होतो. आठवतंय, काय म्हणालात?

मंदाकिनी : आठवतंय.

एजाज : बोला की.

मंदाकिनी : ‘गच्ची सगळ्यांची आहे. फार उकडत असेल तर पंखा लावा.’

एजाज : सगळी मीटिंग हसली. मी हात जोडून उभा होतो, बाई.

हुस्नबानू : पुरे, एजाज.

एजाज : पुरे काय, अम्मी! तुला गारवा द्यायला निघालो आणि तुझ्याच डोक्यावर विष बसवलं मी. शरम वाटते मला.

मंदाकिनी : सगळी एकट्यानं घेऊ नका, थोडी माझ्या वाट्याची आहे. गच्चीवर चला, कुंड्या हलवायला हात लावा. शीट वरूनच टाकू.

एजाज : आणि मीटिंग?

मंदाकिनी : मीटिंगला मी आहे. माझ्याइतकं वाईट तिथं कुणाला बोलता येत नाही.

हुस्नबानू : काम होईपर्यंत मात्र मांजरीच ना?

मंदाकिनी : काही नको. खाली माझ्याकडे या. माझी खोली उन्हाळ्यात तापत नाही, थंडीत गारठत नाही.

हुस्नबानू : ते कसं काय?

मंदाकिनी : माझ्यावर तुम्ही राहता ना.