पडद्यामागचे दोन हूक

प्राध्यापिका संयोगिता विजयसिंह इंगवले, आजच्या सत्कारमूर्ती आपण, म्हणून माझे पहिले अभिवादन आपणांस.

व्यासपीठाचा शिष्टाचार मला माहीत आहे. अध्यक्षांचे नाव आधी घ्यायचे असते. परंतु ज्यांच्यासाठी हे सभागृह भरवले, त्यांचे नाव आत्तापर्यंतच्या चार भाषणांत प्रत्येकी एकदा आणि तेही शेवटच्या वाक्यात आले. म्हणून हिशेब सरळ करण्यासाठी मी सुरुवात उलटी केली. अध्यक्ष महोदय क्षमा करतील.

तर, आजच्या समारंभाचे अध्यक्ष व संस्थेचे सर्वेसर्वा माननीय श्री. नेमगोंडा चौगुले, संचालक माननीय डॉ. ऋतुराज शेळके, पुण्याहून खास आलेले आणि परतीच्या गाडीकडे लक्ष ठेवून असलेले प्रमुख पाहुणे, प्राध्यापकवर्ग, सकाळपासून दारात गुलाबपाणी शिंपडून दमलेल्या विद्यार्थिनी आणि मागच्या खुर्च्या भरण्यासाठी वसतिगृहातून आणलेले विद्यार्थी मित्रहो,

मी या विषयातला माणूस नाही. माझी सारी नोकरी कागल तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. संगणकाशी माझा संबंध इतकाच, की माझी पत्नी संयोगिता तो शिकवत असे आणि मी तिला स्कूटरवरून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत सोडत असे. तेव्हा तज्ज्ञांनी माझे म्हणणे मनावर घेऊ नये. आजवर घेतलेले नाहीच, त्यामुळे त्यांना फारसे जड जाणार नाही.

डॉ. शेळके यांनी मघाशी सांगितले, की मॅडम या आपल्या संस्थेच्या एआय व्हिजनच्या शिल्पकार होत्या. हे ऐकून मला आनंद झाला. जिवंत असताना त्यांना ही बातमी कोणी दिली नव्हती. त्या घरी येऊन सांगत, की आज पुन्हा एक नवी शाखा निघाली. आधी नुसती संगणक अभियांत्रिकी होती. मग तिच्या शेजारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली, मग तिचे डेटा सायन्सशी लग्न लावून तिसरी शाखा काढली. यंत्र आणि स्थापत्य या शाखांच्या जागा कमी करून इकडे वाढवल्या. मी विचारी, अभ्यासक्रम वेगळा असेल? त्या म्हणत, पहिली दोन वर्षे तोच. शिक्षक वेगळे? मीच. प्रयोगशाळा तरी? माझीच.

आमच्या कारखान्यातही एकाच साखरेला एस, एम, एल अशी वेगळी नावे असतात. परंतु त्यासाठी दाण्याचा आकार खरोखर वेगळा असावा लागतो. आम्ही चाळणी लावून पाहत असू. शिक्षणक्षेत्र आमच्या पुढे गेले आहे. येथे चाळणीची गरज उरलेली नाही, पोत्यावर नाव बदलले की झाले.

येथे एक प्रथा सांगितली पाहिजे, कारण पाहुण्यांना ती ठाऊक नसेल. नव्या शाखेला मान्यता देण्यापूर्वी तपासणी समिती येते. समितीला प्रत्येक शाखेची स्वतंत्र प्रयोगशाळा दाखवावी लागते. प्रयोगशाळा एक आणि शाखा तीन, अशी अडचण आल्यास सामान्य संस्था खचून जाईल. आपली संस्था खचली नाही. तिने दारावर दोन हूक बसवले. सकाळी समितीने संगणकाची प्रयोगशाळा पाहिली. चहानंतर तिला ग्रंथालय, उपाहारगृह आणि क्रीडांगण असा फेरा घालून मागच्या जिन्याने त्याच दारापाशी आणले, तोवर आपल्या शिपायांनी, आकाराममामांनी, हुकावरची पाटी बदलली होती. जेवणानंतर पुन्हा एक फेरा, पुन्हा एक पाटी. विद्यार्थ्यांना फक्त जागा बदलून बसायला सांगितले होते. आकाराममामांचा वेग असा, की ते आत्ता मागे उभे राहून हसत आहेत तरी मी त्यांचे कौतुकच करीन.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीत समितीतील एका वयस्कर सदस्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला सहज विचारले, "बाळ, तुझी शाखा कोणती?" मुलगी इचलकरंजीची. नाव क्रांती. वडील यंत्रमागावर. खोटे बोलायचे नाही ही घरची शिकवण आणि संस्थेचे नाव राखायचे ही इथली, यांच्यामध्ये सापडलेली ती पोर उभी राहिली आणि तिने अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, आत्ता किती वाजलेत?"

आपण हसलात. समितीही हसली, आणि हसत हसत तिन्ही शाखांना मान्यता देऊन गेली. माझी पत्नी मात्र त्या संध्याकाळी घरी येऊन आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि नंतर जेवली नाही.

त्यांच्या शिकवण्याविषयी आज बरेच बोलले गेले. अत्याधुनिक हा शब्द मी सहा वेळा ऐकला. त्यांची पद्धत मी पाहिलेली आहे. पहिला महिनाभर त्या यंत्र सुरूच करू देत नसत. पहिल्या तासाला घरून चुरमुरे, तेल, कांदा, मसाला असे भडंगाचे साहित्य न्यायच्या. ते पिशवीत भरण्याचे काम माझ्याकडे असे. वर्गात एका मुलीने सूचना द्यायच्या आणि मॅडमनी त्या अक्षरशः पाळायच्या. त्या वर्षी पाळी क्रांतीची आली. ती म्हणाली, कांदा घाला. मॅडमनी आख्खा कांदा सालीसकट कढईत ठेवला.

"मॅडम, चिरून की वो," क्रांती म्हणाली.

"ते तू मला सांगितलंस का?"

एवढाच त्यांचा पहिला पाठ. यंत्राला अक्कल नसते. आपण जे बोललो नाही ते त्याला कळत नाही. मुली ते भडंग खात आणि वर्षभर विसरत नसत. अभ्यासक्रमाच्या छापील पुस्तिकेत या पाठाला जागा मिळाली नाही. त्या पानांवर काचेच्या इमारतीची छायाचित्रे आहेत.

आता मूळ मुद्दा, आणि तो लहान आहे.

आपल्याकडे येणाऱ्या मुलींपैकी पुष्कळांकडे लॅपटॉप नाही. हे संस्थेच्या जाहिरातीत दिसत नाही, कारण जाहिरातीतल्या मुली मुंबईच्या आहेत. क्रांती पहिल्या वर्षी वडिलांच्या मोबाईलवर प्रोग्रॅम टाईप करीत असे. मोबाईल वडिलांबरोबर पाळीला जायचा, म्हणून वडील पाळीवरून येऊन झोपले की तिचा अभ्यास सुरू व्हायचा. हे मॅडमना कळले, त्या दिवसापासून त्यांनी दर रविवारी प्रयोगशाळा उघडायला सुरुवात केली. परवानगी मागितली तेव्हा तत्कालीन संचालक म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर करा. ही आपल्याकडील परवानगी देण्याची रीत आहे. म्हणून किल्ल्या आमच्या घरी असत, देवघराशेजारच्या खुंटीला. कागल, इचलकरंजी, कळंबा, कुठून कुठून मुली यायच्या. डबे आणायच्या. मॅडमना रविवारी सासर, माहेर, लग्नकार्ये काही नव्हते. आमचे नातेवाईक म्हणत, तुमच्या घरी रविवार येतच न्हाय काय वो. मी म्हणे, येतो, पण आमच्याकडे तो कॉलेजला जातो.

गेल्या दिवाळीनंतर त्या गेल्या. एका सकाळी, चहा घेता घेता. त्याविषयी मी येथे बोलणार नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. क्रांती आणि आणखी दोघी होत्या. भेटायला आल्या आहेत असे समजून मी पाणी दिले. मग क्रांती खुंटीकडे बघत म्हणाली, "सर, किल्ली द्याल? आम्हीच उघडतो. कुलूप लावून परत आणून देतो."

मी किल्ली दिली नाही. जबाबदारी मॅडमच्या नावावर होती आणि वारसाने ती माझ्याकडे आली, असे मी मानले. स्कूटर काढली आणि स्वतः गेलो. तेव्हापासून दर रविवारी मी दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलो. मुली अडल्या की माझ्याकडे येत. मला त्यातले काही कळत नाही, हे मी त्यांना लेखी द्यायला तयार होतो. त्यावर क्रांतीने सांगितले की मॅडमही उत्तर देत नसत. त्या फक्त म्हणत, यंत्राला सांगण्याआधी मला ओळीने वाचून दाखव. तेव्हा मीही तेच म्हणू लागलो. मुली वाचत, मी मान हलवी, आणि चौथ्या-पाचव्या ओळीला स्वतःच, "अय्यो, हितं चुकलंय की," म्हणून पळत जागेवर जात. निवृत्तीनंतर इतक्या कमी ज्ञानावर इतके यश मला कुठेही मिळाले नव्हते. या सभागृहात मात्र अशी उदाहरणे विपुल आहेत.

मागच्या महिन्यात डॉ. शेळके यांनी मला सन्मानाने बोलावून घेतले. म्हणाले, सर, प्रयोगशाळेला मॅडमचे नाव द्यायचे ठरले आहे. माझे डोळे भरून आले. मी तेवढ्यावर उठायला हवे होते. पुढे त्यांनी सांगितले, की नामकरणानंतर तेथे एक्सपिरियन्स सेंटर होईल. काचेच्या भिंती, मोठा पडदा आणि पाहुण्यांना हात जोडून नमस्कार करणारा यंत्रमानव. जुनी यंत्रे निघतील. मी विचारले, मुली रविवारी कुठे बसतील? ते म्हणाले, रविवारी सेंटर बंद राहील, सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाईल असतोच की सर.

मी त्यांना विनंतीअर्ज दिला. नाव नको, रविवार ठेवा, एवढीच मागणी होती. अर्जाला उत्तर म्हणून या समारंभाची निमंत्रणपत्रिका आली. सोबत कार्यालयाचा निरोप, की कार्यक्रमापूर्वी किल्ल्या जमा कराव्यात.

समारंभासाठी वार कोणता निवडला, हे आपण पाहिलेच. आज रविवार आहे. सवयीने मी सकाळी लवकर आलो. मुलीही आल्या होत्या, पण नऊवारी नेसून, हातात गुलाबदाणी घेऊन. ज्या कीबोर्डसमोर बसायच्या त्यांना रांगोळी काढायला लावले होते. क्रांती माझ्याजवळ आली. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, पण स्वतःसाठी तिने काही विचारले नाही. पहिल्या वर्षाच्या तिघी नव्याने यायला लागल्या होत्या, त्यांच्याकडे बोट करून ती म्हणाली, "सर, ह्यांचं पुढच्या रविवारी काय?"

तिला उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. तो ज्यांचा आहे ते येथे माझ्या उजव्या हाताला बसले आहेत, म्हणून मी प्रश्न येथपर्यंत आणून पोचवला.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझ्या भाषणानंतर प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दोरी ओढून प्रयोगशाळेच्या दारावरील नामफलकाचे अनावरण व्हायचे आहे. येथे पाहुण्यांची फजिती होऊ नये म्हणून आगाऊ सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. पडद्यामागे फलक नाही. दोन हूक आहेत.

फलक मी सकाळी काढून घेतला. काढायला काही कष्ट पडले नाहीत. तो स्क्रूने पक्का बसवलेला नव्हता, त्याच जुन्या हुकांना टांगला होता. ज्या हुकांवर माझ्या पत्नीने एका दिवसात तीन पाट्या बदलताना पाहिल्या, त्यांवर चौथी पाटी तिच्या नावाची. पुढची समिती आल्यावर आकाराममामांना ती किती पटकन उतरवता येईल, याचा विचार ज्या कोणी केला त्याच्या दूरदृष्टीला मी वंदन करतो.

मी नियमाने चालणारा मनुष्य आहे. किल्ल्या संस्थेच्या होत्या, त्या मी परत केल्या. पाटीचा पत्राही संस्थेचा आहे, तो मी घरी नेणार नाही. परंतु त्यावरचे नाव आमच्या घरचे आहे आणि ते टांगण्यासाठी मी दिलेले नाही.

अध्यक्ष महोदय, पाटी ही या पिशवीत आहे. आपल्यासमोर टेबलावर ठेवतो, पालथी. शेजारी हे चार स्क्रू ठेवतो, ते माझ्या पदरचे आहेत. ज्या रविवारी ते दार मुलींसाठी उघडेल, त्या रविवारी मला बोलवा. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन येईन आणि पाटी स्वतः बसवीन. दार उघडणार नसेल, तर पाटी पालथीच राहू द्या आणि आपल्या यंत्रमानवाला दुसरे एखादे नाव शोधा. तो कोणालाही नमस्कार करतो, त्याला चालेल. संयोगिता, तुला चालले नसते, एवढे मला नक्की ठाऊक आहे.

आपण मला बोलू दिले, मध्ये चिठ्ठी पाठवून थांबवले नाही, याबद्दल संचालकांचा आभारी आहे. पाहुण्यांचा वेळ घेतला. आकाराममामांच्या कामात ढवळाढवळ केली. शोकात असलेल्या माणसाकडून सभेचे भान कमी-जास्त होते. तसे कोठे झाले असेल आणि कोणाचे मन दुखावले असेल तर पदरात घ्यावे. जे मुद्दाम बोललो, त्यासाठी मात्र क्षमा मागत नाही.

क्रांती, आणि तिच्या शेजारच्या तिघी, तुमच्यासाठी एवढेच. उत्तर मिळेपर्यंत पुढच्या रविवारी आमच्या घरी या. यंत्र नाही, पण पहिल्या महिन्याला ते लागत नाही, आणि भडंगाचे साहित्य मला भरता येते. प्रयोगशाळेत आता जाऊ नका. पंखे, दिवे पाहून दार मी सकाळी बंद केले आहे, कुलूप दोनदा ओढून पाहिले आहे, आणि किल्ल्या कार्यालयात परत दिल्या आहेत.