राणीची नऊ वाडगी

—अहो नाही, मुअल्लिम, तिथे नका बसू, ते राणीचं सिंहासन आहे! म्हणजे मोडणार नाही तुमच्याने, अठराशे वर्षं उभं आहे बिचारं, पण मी कालच कुंचल्याने झाडून काढलंय आणि तुमची पँट... बरं, बसलातच. बसा. उन्हातून आलात, राणी काही म्हणणार नाही. मुअल्लिमच म्हणते हं मी तुम्हाला. बाकीचे 'समितीचे साहेब' म्हणतात, पण मी सहावीत तुमच्याच पुस्तकातून इतिहास शिकले, म्हणजे गुरुजीच तुम्ही माझे — तिसरा धडा, 'आयिम-काला, वाळवंटातल्या राणीचा महाल' — अख्खा पाठ होता, अजून आहे, म्हणून दाखवू? नको? बरं. चहा घ्या. आमच्या राखणदारांनी केलाय, ओरलबाय आगांनी. काय झालं? मीठ? मीठ घातलंय चहात? बघा आता! पाहुण्याला न विचारता मीठ! आमच्या कोणाच्या चहात घालत नाहीत कधी. थांबा, ओरडतेच त्यांना— चालतं? असाच लागतो? मग राहू दे. ते येणारही नाहीत म्हणा बाहेर, सकाळी तुमची जीप दिसली तसे तंबूत जाऊन बसलेत, म्हणतात गुडघा दुखतो. काल याच गुडघ्याने बकरीच्या मागे टेकडी चढले.

तर हा दरबार. तुम्ही सिंहासनावर आहात, समोर भिंतीलगत हा लांब ओटा, आणि ओट्यात ही नऊ वाडगी — कोरलेली, गुळगुळीत, प्रत्येकात एक माणूस डोकं घालू शकेल एवढी. नऊ का? नऊ सख्या! राणीच्या नऊ सख्या इथे ओळीने उभ्या राहून हात धुवायच्या, असं मी अहवालात लिहिलंय. हो, जरा मोठी आहेत हात धुवायला. सख्याही मोठ्या असतील. प्रत्येक वाडग्याच्या वर भिंतीत ही लोखंडी कडी — पडद्यासाठी, रेशमी पडदे. आणि तुमच्या पायाशी, मधोमध, हा उताराचा पाट — हे तर मला फार आवडतं — गुलाबपाण्याचा पाट! चित्र काढून घेतलंय मी, राणी सिंहासनावर बसलीय आणि पाय गुलाबपाण्यात सोडलेत. हा काळा थर दिसतो ना जमिनीवर, तो धूप. दरबारात जाळलेला सुगंधी धूप, वीतभर जाड! मी स्वतः चिमूटभर जाळून वास घेतला. कसा होता? ...ओळखीचा होता.

हसू नका ना. तुमच्या एका सहीवर अख्खी टेकडी आहे, मुअल्लिम. सही झाली की वाळवंट उद्यानाचं कुंपण टेकडीला वळसा घालून जाईल आणि आयिम-काला आत. नाही झाली तर बाहेर, आणि बाहेर ते टपलेत — चारचाकी मोटारसायकलवाले. त्या लाल पताका दिसतात? त्यांनी लावल्यात, आधीच! पलीकडून वेग घ्यायचा, या चढावरून उडी मारायची आणि इथे, दरबारात, धपकन. पर्यटकांना फार आवडतं म्हणे. समितीने मला तोंडावर सांगितलं, महाल असेल तर आत घेऊ, मातीचे ढिगारे किझिलकुमच्या वाळवंटात पुष्कळ पडलेत. म्हणून अर्ज तयार ठेवलाय, बघा, 'स्थळाचं नाव' आयिम-काला, 'स्थळाचं स्वरूप' महाल. हो, ते पेन्सिलीने लिहिलंय. बाकी सगळं शाईने आहे. शाई... शाई वाळली उन्हाने. तेवढ्याच रकान्यात वाळली.

तसं नाही काही. मी खोटं बोलणारी पोरगी नाही, मुअल्लिम. सहा वर्षं पोलंडात होते, बटाटे खाऊन शिकले, तिथे माझ्या प्राध्यापिका म्हणायच्या, झियादा, तू इथेच थांब, वाळवंटात परत जाऊन काय करणार? मी म्हटलं, आमच्या मातीत काय आहे ते आम्हीच शोधणार आणि आमच्या लोकांना आम्हीच सांगणार, जसं आहे तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. परतीच्या विमानात शपथ घेतली तशी. जरा मोठ्याने घेतली. शेजारच्या बाईंना वाटलं मला मळमळतंय, त्यांनी कागदी पिशवी पुढे केली. ती अजून ठेवलीय मी. शपथेची आठवण म्हणून.

आणि आल्या आल्या नशीब तरी काय! तुमच्या पुस्तकात नकाशा आहे ना टेकडीचा — पन्नास वर्षांपूर्वीच्या मोहिमेने महालाचा पश्चिमेचा अर्धा भाग खणला, पूर्वेचा कोणी हात न लावलेला. मी म्हटलं, पूर्व माझी. ओरलबाय आगांना विचारलं, माती कुठे मऊ आहे? त्यांनी काठीने दाखवलं, 'इथे खण, पोरी.' आणि काय माती होती, मुअल्लिम! लोण्यासारखी! चाळून ठेवल्यासारखी! फावडं टाकलं की आत. एकेका महिन्याचं काम नऊ-नऊ दिवसांत. आणि खाली काय, तर हुबेहूब तुमच्या पुस्तकातला दरबार — तोच ओटा, तीच नऊ वाडगी, तोच पाट. मी नाचले. खरंच नाचले, इथे, पाटात. म्हटलं, राणीला दोन दरबार होते, एक पश्चिमेला, एक पूर्वेला, आणि मापं बोटभरही इकडची तिकडे नाहीत! केवढी बुद्धी त्या लोकांची! मधेच एक बांगडा माशाचा पत्र्याचा डबा सापडला, पण तो उंदराने खाली नेला असणार. वाळवंटी उंदीर फार खोल बिळं करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग एक कंगवा सापडला. तोही उंदराने. मग रबरी बुटाचा तळवा. मी नोंदवहीत लिहिलं, 'उंदीर'. मग बुद्धिबळातला उंट. ओरलबाय आगा म्हणाले, 'भलताच हौशी उंदीर दिसतो.' तेव्हा मला कळायला हवं होतं.

काय कळायला? काही नाही. कुठे काय? वारा बघा किती सुटलाय, माझी टोपी— अहो धरा, धरा! राहू दे, टोपी जाऊ दे, तुम्ही उठू नका. ती? ती बाटली आहे. टोपीखाली ठेवली होती. पाण्याची. इकडे द्या. हो, आत कागद आहे. मी... पाण्यात कागद ठेवते. गार राहतं. बघा, ठेवली परत कोपऱ्यात. अरे! आली परत घरंगळत तुमच्याच पायाशी. उतार आहे ना, गुलाबपाण्याचा पाट, चांगला उतार दिलाय. उभी ठेवते. गेली पुन्हा. दर वेळी तुमच्याकडेच कशी जाते ही मेली?

बरं. बरं! असं बघू नका माझ्याकडे, सहावीतल्या परीक्षेची आठवण येते. सांगते.

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही जाणता — खणून झालं की खड्डा बुजवण्याआधी तळाशी आपल्या काळाची एखादी वस्तू ठेवायची, नाणं, बाटली, काहीही, म्हणजे पुढे कोणी खणत खणत तिथवर आला की त्याला समजावं, बाबा रे, तुझ्याआधी येऊन गेलंय कोणीतरी. पाच दिवसांपूर्वी सिंहासनाच्या मागे ही सापडली. लिंबूसरबताची, जुन्या राजवटीतली, लाखेने बूच बंद केलेली. मी नोंदवहीत 'उंदीर' लिहायला घेतलं होतं, मुअल्लिम, खरंच, पण लाख लावणारा उंदीर... तेवढी शपथ शिल्लक होती. म्हणजे पूर्व नव्हेच ही! तुमच्या पुस्तकातला नकाशा उलटा छापलाय, चौदाच्या चौदा आवृत्त्यांत! मी दीड महिना दुसऱ्यांनी बुजवलेला खड्डा उपसत होते. धावत ओरलबाय आगांकडे गेले, म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणतात, 'मीच तर बुजवला हा खड्डा. सोळा वर्षांचा होतो.' मग सांगितलं का नाहीत? म्हणतात, 'तू विचारलंस माती कुठे मऊ आहे. मऊ निघाली की नाही?' आणि वर म्हणतात, 'तू पाटात नाचत होतीस, पोरी. मधेच कसं सांगायचं?'

पण तेही सोसलं असतं मी. कागद वाचला आणि... वाचूनच दाखवते, म्हणजे सुटले. ऐका. 'मित्रा, तुला उशीर झाला, इथलं सगळं आम्ही काढलं. आमचे प्रमुख म्हणतात हा महाल आहे. राजधानीला तार गेली, आता माघार नाही. हा महाल नाही, ही पागा आहे. नऊ घोडे, नऊ गव्हाणी. सिंहासन म्हणजे घोड्यावर चढायचा ओटा.' हो, तुम्ही बसलाय तोच. 'पाटातून काय वाहायचं ते तुझं तू समज.' समजले! समजले मी, आणि त्यात नाचलेही होते, आणि वीतभर धुपाचा वासही घेतला होता! गावातले सगळे म्हातारे या टेकडीला घोडटेकडी म्हणतात, मुअल्लिम, मी त्यांना तासभर समजावलं होतं की तुमचं चुकतंय.

आता म्हणाल, पाच दिवस लपवलंस का? पताका बघा ना त्या. पागेसाठी कोण कुंपण वळवतो? खरं सांगितलं तर टेकडी जाते, खोटं सांगितलं तर शपथ जाते, रोज सकाळी पेन्सिल काढते, रोज खोडते, परत 'महाल' लिहिते. आणि तुमच्या पुस्तकाचं काय? तिसरा धडा? अख्ख्या देशातली पोरं घोड्याच्या— जाऊ दे. तुमची काय चूक, तुम्ही तर इथे खणलंही नाहीत, प्रमुखांच्या अहवालावरून लिहिलंत. तो अहवाल मीही वाचलाय, त्यात प्रमुखांचं नाव चौदा वेळा आणि बाकी सगळे 'एक विद्यार्थी व अकरा मजूर'. हा कागद त्या विद्यार्थ्याचा. नाव नाही घातलं त्याने. सहीच्या जागी एक घोडा काढलाय, इतका वाईट की कुत्रा वाटतो. पण शेवट ऐका, शेवटासाठीच मी हा कागद फाडला नाही — 'मी विद्यार्थी, माझं इथे कोणी ऐकत नाही, म्हणून तुला सांगतो. दारापासून चौथ्या गव्हाणीच्या कडेवरून हात फिरव. दातांच्या खुणा आहेत. तो घोडा इथे उभा राहून राहून कंटाळला होता. मला हे राणीपेक्षा आवडलं.'

मलाही, मुअल्लिम! राणी होती की नव्हती कोणाला ठाऊक, पण हा घोडा होता! अठराशे वर्षांपूर्वी एका दुपारी करायला काही नाही म्हणून कड कुरतडत होता, आणि ते अजून बोटाला लागतं! यासाठी नको कुंपण घालायला? यासाठीच घालायचं! या, दाखवते. सांभाळून. इकडून चौथी नव्हे हं, मीही आधी इकडूनच मोजली, दोन दिवस घासत बसले, काही नाही तिथे. जुनं दार पलीकडे होतं, आता वाळूखाली गेलंय, दिसतच नाही, तिकडून मोजायची, म्हणजे— थांबा, तुम्हाला नाही सापडणार, मी हात धरून—

सापडली?

...न मोजताच?

नाही, काही नाही. मीठ... चहात मीठ... काही नाही. अर्ज? हा घ्या. खोडरबर? आहे, माझ्याकडे खोडरबर खूप आहे. पण मुअल्लिम, जपून, समिती काय म्हणेल, तुमचं पुस्तक— 'स्थळाचं स्वरूप: पागा. घोडे नऊ.' शाईने लिहिलंत. 'शेरा: कुंपणाच्या आत घ्यावी. तिसरा धडा मी दुरुस्त करतो.' आणि सही. आणि सहीच्या शेजारी हे काय काढताय आता... कुत्रा?

...

ओरलबाय आगा! गुडघा राहू दे. बाहेर या.